विष्णूभाऊंनी वाचलेली चौसष्ट अक्षरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. बहिणीलाही नाही — आणि तिला मी काय सांगत नाही? दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत रडले होते, तेसुद्धा घरी पोचायच्या आधी तिला फोनवर सांगून झालं होतं. पण हे राहिलं. राहिलं म्हणजे — नाही, हा शब्द खोटा आहे. मी ठेवलं. सहा वर्षं नीट झाकून ठेवलं. दोनदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि दोन्ही वेळा मी चहा टाकायला उठले. आज चहा आधीच करून बसलेय. तुम्ही समोर आहात असं धरून बोलते.

आधी माझं काम काय ते सांगते. टाळतेय असं वाटेल. टाळतेच आहे थोडीशी, पण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तळवड्यात आमचं एक छोटं ऑफिस आहे. चाकणच्या कारखान्यांमध्ये मशीनला जोडलेले जे कॉम्प्युटर असतात, त्यांची देखभाल आम्ही करतो. हे कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचे नाहीत असा नियम असतो. त्यांच्यात नवीन सॉफ्टवेअर घालायचं तर फाइल आमच्याकडून पेनड्राइव्हवर जाते, आणि जाण्याआधी ती फाइल खरोखर तीच आहे का हे आम्ही तपासतो. नावावर जायचं नाही. नाव काय, कुणीही काहीही देईल. फाइलचा हॅश काढायचा. म्हणजे असं — फाइल एका प्रोग्राममधून काढली की तिची चौसष्ट अक्षरांची एक ओळ मिळते. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, सगळी खिचडी. तीच फाइल शंभर वेळा घातली तरी तीच ओळ येणार. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी अख्खी ओळ वेगळी. सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी आपापल्या फाइलींच्या ओळी आम्हाला कळवतात आणि आम्ही त्या यादीत लिहून ठेवतो. हातातल्या फाइलची ओळ यादीत सापडली तर फाइल ओळखीची. नाही सापडली तर अनोळखी. मग ती तिथेच थांबते. बनवणाऱ्याला फोन करायचा, ती ओळ वाचून दाखवायची आणि विचारायचं की बाबा रे, ही तुझीच का? तो हो म्हणाला तरच ओळ यादीत जाते.

तो हो म्हणाला तरच. हा एक नियम सोडला तर आमच्या कामात दुसरं काही नाही. कारण न विचारता हातातल्या फाइलचीच ओळ यादीत लिहिली तर ती जुळणारच ना? माणसाने आपलं ओळखपत्र आपणच लिहून आणावं आणि गेटवरच्या वॉचमनने सलाम ठोकावा, तसं.

यादी लिहायची मी. फोन करून विचारायचे विष्णूभाऊ, आणि शेवटी ओळ ताडून कागदावर सही करायचेही विष्णूभाऊ.

तुम्ही म्हणाल, ताडायला माणूस कशाला, कॉम्प्युटर ते चुटकीसरशी करतो. करतोच. पण ऑडिटवाल्यांना कागदावर माणसाची सही लागते. आमच्याकडचे सगळे पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सही ठोकत. मीसुद्धा. एकटे विष्णूभाऊ चौसष्टच्या चौसष्ट वाचायचे.

ते रहाटणीचे, जुन्या गावातले. त्यांच्या शेतावर आता बिल्डरची सात मजली इमारत आहे आणि तिच्यातच त्यांचे दोन फ्लॅट. नोकरीची गरज होती असं नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये वीस-बावीस वर्षं लेथवर काढलेली. ते बंद पडल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले — आधी वायरी ओढायला, मग हळूहळू या कामावर. इंग्रजी जेमतेम. म्हणून ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची, चार-चारचे गट पाडायचे आणि मोठ्यांदा वाचायचं. बी आणि डी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून त्यांनी स्वतःची बाराखडी केली होती. बी बटाट्याचा, डी डब्याचा, ई इंजिनचा, एफ फणसाचा. 'सात, फणसाचा, तीन, डब्याचा' असं सुरू झालं की पलीकडच्या टेबलावरची पोरं तोंडं लपवून हसायची. भाऊंना ते दिसायचं. ते म्हणायचे, "हसा लेको. लेथवर केसाएवढं चुकलं तरी जॉब भंगारात जातोय."

मी हसायचे नाही. मी वैतागायचे. सोळा गट वाचायला त्यांना तीन-चार मिनिटं लागायची आणि तेवढ्यात माझा जीव वर-खाली व्हायचा. सावकाश माणसं मला सोसतच नाहीत. नवरा जेवतो तेही मला बघवत नाही, मी उठून ओटा पुसत बसते. हे आपलं सांगून ठेवते. यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही.

आता तो आठवडा.

चाकणच्या एका कारखान्यात पंपाचे भाग बनायचे. त्यांच्याकडे एक मशीन होतं, भागातून हवा गळते का हे तपासणारं. गळत असेल तर लाल दिवा, नसेल तर हिरवा. मशीन भोसरीच्या एका छोट्या कंपनीचं आणि त्यातलं सॉफ्टवेअरही त्यांचंच. त्या कंपनीचा सर्व्हिसचा माणूस शनिवारी चाकणला येऊन एक फाइल देऊन गेला. सोमवारी ती माझ्याकडे आली. नाव ओळखीचं, आवृत्तीचा नंबरही ओळखीचा. हॅश काढला — यादीत नाही. अनोळखी.

त्याच सोमवारी त्याच कंपनीची आणखी एक फाइल अडली होती. मी एका चिठ्ठीवर दोन्हींची नावं लिहायला घेतली. एक लिहिलं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, की फोन आला — खरं सांगायचं तर आठवत नाही. चिठ्ठी विष्णूभाऊंना दिली तेव्हा तिच्यावर एकच नाव होतं. त्यांनी त्या एका फाइलचं विचारलं, बटाटा-डबा करत ओळ वाचून दाखवली, पलीकडचा हो म्हणाला, संपलं. दुसरी, म्हणजे गळतीच्या मशीनची फाइल, माझ्या टेबलावर पडून राहिली. मंगळवार गेला, बुधवारही गेला.

विसरले मी. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते सहा वर्षांत एकदाही मोठ्याने म्हणता आलेलं नाही.

गुरुवारी चाकणहून फोन. लाइन बघणारे साहेब माझ्यावर आधीच तापलेले. त्या महिन्यात मी त्यांच्या दोन फाइली अडवल्या होत्या आणि दोन्ही वेळा बनवणाऱ्याने सांगितलं होतं की आमच्याच आहेत हो, कळवायचं राहिलं. साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या यादीची पूजा करा तुम्ही. माझी लाइन उभी आहे." आणि फाइल टेबलावर माझ्या समोर.

गुरुवार म्हणजे भोसरीच्या कारखान्यांची सुट्टी. फोन उचलायला कुणी नाही. शुक्रवारी सकाळी नऊला कुणीतरी उचलला असता. सोळा-सतरा तासांचा प्रश्न होता. साहेबांना एवढंच म्हणायचं होतं — चुकले, सोमवारी विचारायचं राहून गेलं, उद्या देते. ओरडले असते. ओरडू द्यायचं होतं.

घरी कुणी आजारी नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. मी दमलेलीही नव्हते, त्या दिवशी डब्यात छान मेथीचे ठेपले होते. मला फक्त पुन्हा एकदा 'नाही' म्हणायचा कंटाळा आला होता. आणि 'माझं चुकलं' म्हणायचं तर मला कधीच जमलेलं नाही.

मी त्या फाइलची ओळ उचलली आणि यादीत चिकटवली. जिच्याबद्दल प्रश्न होता तिचीच ओळ, तिचंच उत्तर म्हणून. शेजारी एक रकाना असतो — कुणी विचारून खात्री केली. तिथे मी 'वि.' लिहिलं. तारखेच्या जागी सोमवारची तारीख.

माझे वडील पिंपरीत एका कारखान्यात कामगार होते. नागसेन बुद्धविहारात रविवारी सगळ्यांच्या आधी पोचणारा माणूस, घड्याळाचा पक्का. ते सांगायचे, कारखान्यात दारू पिऊन आलेल्याला एखादवेळेस माफी मिळते, पण दुसऱ्याचं कार्ड पंच करणाऱ्याला नाही. मी ते ऐकत मोठी झालेय. 'वि.' लिहिताना ते आठवलं का? आठवलं. आणि तरी लिहिलं.

मग हाक मारली, "भाऊ, एक ताडायचंय, पटकन." ते पट्टी घेऊन आले. मी छापील यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. मी त्यांच्यामागे उभी राहून चौसष्टच्या चौसष्ट ऐकली. पहिल्यांदाच ऐकली असतील पूर्ण. एकही चुकलं नाही. चुकणार कशी? दोन्हीकडे तीच ओळ होती.

वाचून झालं. सहीसाठी पेन टेकवलं आणि थांबले. बोट त्या 'वि.'वर ठेवलं.

"ताई, ही म्या इचारली हुती? आठवत न्हाई मला."

बघा — इथे अजून वेळ होता. इथपर्यंत जे झालं त्याला चूक म्हणता आलं असतं, घाई म्हणता आलं असतं. समोर एक माणूस मला विचारत होता आणि मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मी हसले. हसून म्हणाले, "अहो भाऊ, सोमवारी नाही का विचारलीत, त्या दुसरीबरोबर? विसरलात?"

आदल्याच आठवड्यात ते बसमध्ये डबा विसरले होते आणि ऑफिसात त्यावरून चेष्टा चालली होती. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच 'विसरलात' हा शब्द वापरला.

त्यांनी बोट त्या 'वि.'वरून काढलं. मग मान हलवली. "व्हय, आसंल. तुमी लिवलंय म्हंजी बरुबर आसंल." आणि सही केली.

पुढचं लवकर सांगते. ती फाइल भोसरीवाल्यांचीच होती, पण कच्ची. त्यांनी स्वतःच्या चाचणीसाठी केलेली. त्यात गळती मोजायची मर्यादा मुद्दाम सैल ठेवलेली होती. सर्व्हिसच्या माणसाने चुकून तीच दिली. चाकणच्या मशीनवर हिरवा दिवा लागत राहिला. गळके भाग चार दिवस पुढे जात राहिले, मग पुढच्या कारखान्यात कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळा माल परत. ट्रकमधून उतरवलेले ते खोके मी पाहिलेत. कंत्राटावरच्या बायका पाण्याच्या टबात एकेक भाग बुडवून बुडबुडे येतात का बघत होत्या, दोन शिफ्ट, आठवडाभर. पंप कुठे बसले नव्हते, कुणाला इजा झाली नाही. मी तेव्हा बुद्धांपुढे मेणबत्ती लावली होती. कशासाठी लावली ते विचारू नका. इजा झाली नाही म्हणून लावली की कुणाला कळलं नाही म्हणून, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

चौकशी झाली. यादी काढली. भोसरीवाले म्हणाले, सोमवारी तुमचा फोन आला होता खरा, पण आम्हाला एकाच फाइलचं विचारलं. आमच्या मालकांच्या केबिनमध्ये मी, विष्णूभाऊ आणि चाकणचे ते साहेब. मालकांनी रकाना दाखवला. 'वि.' म्हणजे तुम्हीच ना?

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटत होतं ते आता म्हणतील, मी तेव्हाच ताईंना विचारलं होतं. नुसतं एवढं म्हणाले असते तरी मी उघडी पडले असते. त्यांच्या डोक्यात ते आलंच नाही. ते त्या कागदाकडे बघत होते, हरवलेलं काहीतरी त्यात सापडेल तसे. मग म्हणाले, "एक वाचायची ती दुसरीच वाचली आसंल. दोन हुत्या न्हवं. घोळ झाला माझ्या हातनं. आताशा ध्यानात ऱ्हात न्हाई माझ्या."

आणि मी काय केलं?

गप्प बसले असते तरी तुम्हाला सांगताना जरा सोपं गेलं असतं. मी गप्प बसले नाही. मी त्यांची बाजू घेतली. म्हणाले, "सर, भाऊंचं वय झालंय. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. मुद्दाम केलेलं नाही. त्यांना काढू नका, दुसरं काहीतरी हलकं काम द्या." चाकणचे साहेबही जरा नरमले. मालक म्हणाले, बरं, तुमच्या शब्दाखातर.

बाहेर आल्यावर विष्णूभाऊंनी मला हात जोडले. दोन्ही हात. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. "ताई, तुमी व्हता म्हनून राह्यलो." मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "असू दे हो भाऊ, होतं असं."

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. माउस, केबल, पेनड्राइव्ह लिहून द्यायचे आणि लिहून घ्यायचे. स्टीलची पट्टी माझ्या टेबलावरच राहिली. त्यांच्या जागी कॉलेजातून नुकतीच आलेली एक मुलगी आली, ती पहिली चार आणि शेवटची चार बघून सही करायची. मी नवा नियम काढला — यादीत लिहिणारा आणि खात्री करणारा, दोघांनी वेगवेगळी सही करायची आणि फोनची वेळ टाकायची. पुढच्या ऑडिटला त्या नियमाचं फार कौतुक झालं. मला विभागाची जबाबदारी मिळाली ती त्यानंतर. पेढे वाटले मी. स्टोअरच्या खिडकीतून भाऊंनाही दिला.

ते पाच-सहा महिने टिकले. मग स्वतःच सोडून गेले. पण ऑफिसात त्यांचं नाव मागे राहिलं. काही जुळवताना कुणी घाई केली की पोरं म्हणतात, "सावकाश राव, विष्णूभाऊ होईल." ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही ती पोरं म्हणतात. घाई करणाऱ्याला, चुकणाऱ्याला त्यांचं नाव! आमच्याकडे कधीही घाई न केलेला तो एकमेव माणूस. मी ऐकते आणि पडद्याकडे बघत बसते.

त्यांच्या बायकोकडून, वहिनींकडून, बाकीचं कळत गेलं. आम्ही काळेवाडीत राहतो, बाजारात गाठ पडते. नोकरी सोडल्यावर भाऊ डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नंबरही वाढलेला नाही. मग डोक्याचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. "समदं ठीक हाय म्हनत्यात डाक्टर," वहिनी म्हणाल्या, "पर ह्यांना पटंल तवा. खिशात वही ठिवत्यात. ग्यास बंद केला का लिवायचं, कुलूप लावलं का लिवायचं. परत जाऊन बघायचं. मग बघितलं म्हनून लिवायचं." मी हातातली भेंडी मोडून बघत होते. कोवळी होती, तरी मोडत राहिले.

सहा वर्षं मी त्यांना कळवू शकले असते. एक फोन. दहा मिनिटांचं अंतर. डोक्याचा फोटो काढायच्या आधी सांगता आलं असतं, वही आणायच्या आधी सांगता आलं असतं. मी काय केलं? दिवाळीला फराळाचा डबा दिला, दर वर्षी. त्यांच्या घरात मी म्हणजे देवमाणूस. त्यांच्या मुलीच्या लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

आणि आता मागच्या रविवारचं. हे झालं म्हणूनच बसलेय तुमच्यासमोर.

सकाळी फोन आला. "ताई, धा मिन्टं येता का? कागूद दावायचा हाय जरा." गेले. इमारतीच्या खाली पार्किंगमध्ये ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, समोर जुनी स्कूटर. मुलीच्या नावावर करायची होती. आरटीओच्या फॉर्मवर चेसिस नंबर लिहावा लागतो, आणि नुसता लिहून चालत नाही. गाडीच्या लोखंडावर कोरलेल्या नंबरावर चिकटपट्टी लावायची, वरून पेन्सिल घासायची आणि तो ठसा फॉर्मला जोडायचा. म्हणजे कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर, दोन्ही वेगवेगळ्या जागेहून येतात आणि मग जुळतात. खरं तपासणं असतं ते असं. मी ठसा बघत होते आणि माझ्या मनात हेच आलं.

ठसा फार सुबक घेतला होता. लेथवरचा हात. उजेडासाठी बॅटरीही होती शेजारी, भिंग होतं, वही होती. वहीत त्या एका नंबरच्या पाच-सहा ओळी, सगळ्या सारख्या, प्रत्येकीपुढे वेळ टाकलेली. सकाळी साडेसहापासून वाचत होते.

म्हणाले, "म्या वाचतो, तुमी कागदावर बघा. पोरीचं काम हाय, चुकाया नगं. माझं काय खरं न्हाई आता."

आणि वाचायला लागले. पट्टी नव्हती, म्हणून पेन्सिल आडवी धरली होती. चार-चारचे गट. एम मक्याचा, डी डब्याचा. सतरा अक्षरं. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय, आणि प्रत्येक गटानंतर थांबून ते माझ्या तोंडाकडे बघत होते — बरोबर का, असं. पूर्वी कधी बघायचे नाहीत. शेवटचं अक्षर वाचलं आणि पेन्सिल वहीवर ठेवली.

"बरुबर हाय?"

"बरोबर आहे, भाऊ. सगळी बरोबर."

"खरंच? का माझं मन राखताय?"

"खरंच. एकही चूक नाही."

त्यांनी खिशातून दुसरी वही काढली, लहान, कोपरे मुडपलेली. तिच्यात लिहिलं, मला दिसेल असं लिहिलं — 'लंबर ताईंनी तपासला. बरुबर.' पुढे घड्याळात बघून वेळ टाकली. मग इतक्या समाधानाने हसले, की मी गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने पर्समध्ये तोंड घातलं. वहिनींनी वरून हाक मारली, पोहे केलेत म्हणून. मी वर गेले. खाल्ले. दुसऱ्यांदा वाढले तेही खाल्ले.

यादीतली ती ओळ अजून आहे. आम्ही जुन्या नोंदी पुसत नाही, फक्त पुढे 'रद्द' लिहितो. रद्दच्या आधी 'वि.' आहे, ते मी लिहिलेलं. मला ती नोंद कधीही उघडता येते, काल उघडली होती.

सतरा अक्षरं बरोबर वाचलीत, हे मी त्यांना सांगितलं. त्या गुरुवारची चौसष्टही बरोबरच वाचली होतीत, विसरले होते ते मी — हे नाही सांगितलं.